भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’

महापालिकेच्या रुग्णालयांतील अपघात विभागाच्या दप्तरात काही शेरे असे आहेत की ते लिहिणाऱ्याच्या हाताला पाठ झालेले असतात. ‘घरात पाय घसरून पडल्याने दुखापत’ हा त्यांपैकी एक आणि ‘नजरचुकीने विषारी द्रव्य प्राशन’ हा दुसरा. तरुण विवाहित स्त्रियांचेच पाय एवढ्या नियमाने का घसरावेत, आणि ढेकणाचे औषध नेमके त्यांच्याच हातून नजरचुकीने का प्यायले जावे, हा प्रश्न शेरा लिहिणाऱ्याला पडत नसे असे नाही. परंतु तो विचारणे हे आपल्या कामाचा भाग आहे असे त्याला कोणी कधी शिकविलेले नव्हते. जखमेला टाके घालावे, पोट धुवावे, पोलिसांना वर्दी द्यावी आणि खाट रिकामी करावी, येथे वैद्यकाचे कर्तव्य संपे. बाई त्याच घरी परत जाई आणि काही महिन्यांनी नव्या केस पेपरवर तोच शेरा पुन्हा उमटे.

या दप्तराकडे निराळ्या दृष्टीने पाहण्याचा उद्योग मुंबईत ज्यांनी आरंभिला, त्यांत १९९४ साली स्थापन झालेली ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था अग्रभागी होती. या संस्थेने महापालिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याशी करार करून २००१ साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. सरकारी रुग्णालयाच्या आवारात, रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून, कौटुंबिक हिंसाचाराने पीडित झालेल्या स्त्रियांसाठी चालविलेले असे केंद्र तोवर या देशात नव्हते. जागेची ही निवड मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. पोलीस चौकीची पायरी चढणाऱ्या बाईकडे सारी गल्ली पाहते, वकिलाकडे जाण्यास पैसा लागतो, आणि महिला संस्थेचे नाव काढले तरी सासरी वादळ उठते. परंतु अंग दुखते म्हणून केस पेपर काढून बाह्यरुग्ण विभागात जाणाऱ्या स्त्रीला कोणी ‘कुठे गेली होतीस’ असे दरडावून विचारीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत असे दिसून आले की, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. उरलेल्यांपैकी कित्येक जणी ताप, कंबरदुखी किंवा गर्भपात यांच्या निमित्ताने कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात येऊन गेल्या असणारच.

मात्र नुसती खोली दिल्याने केंद्र चालत नाही. त्या खोलीपर्यंत बाईला आणून पोहोचविणारी माणसे घडवावी लागतात. येथे ‘दिलासा’च्या चालकांनी जो मार्ग पत्करला तोच माझ्या मते या संस्थेचा खरा पराक्रम होय. बाहेरून विद्वान व्याख्याते आणून डॉक्टर-परिचारिकांना स्त्रीप्रश्नावर चार प्रवचने देणे सोपे होते, आणि ती ऐकून सर्वांनी माना डोलविल्याही असत्या. त्याऐवजी रुग्णालयातीलच डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी यांच्यातून एक गट निवडून त्यांनाच प्रशिक्षक म्हणून तयार करण्यात आले, आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवावे अशी योजना झाली. वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरने सांगितलेली गोष्ट नव्या परिचारिकेला जितकी पटते, तितकी ती पाहुण्या वक्त्याने सांगितलेली पटत नाही.

या वर्गांत प्रथम शिकवितात ते ओळखणे. सांगितलेली हकीकत आणि अंगावरची जखम यांचा मेळ बसत नाही. एकाच वेळी जुने व ताजे असे दोन्ही वळ दिसतात. तपासणीत काही निघत नाही तरी डोके आणि पाठ वर्षानुवर्षे दुखत राहते. प्रश्न बाईला विचारला असता उत्तर सोबतचा इसम देतो. अशा खुणा ज्याला दिसू लागल्या त्याने पुढे काय करावे? तर सोबतच्या माणसाला औषध आणावयास किंवा नोंदणीच्या खिडकीवर धाडावे, पडदा ओढावा आणि विचारावे. कसे विचारावे याचा सराव वर्गात भूमिकानाट्याने करवितात. एकीने रुग्ण व्हावे, दुसरीने परिचारिका. ‘ताई, खरंच पडलात का?’ हा पहिला प्रश्न बहुतेकांच्या तोंडी येतो, आणि तो चुकीचा असतो. कारण त्यात अविश्वास डोकावतो. ‘अशी दुखापत झालेल्या पुष्कळ बायका आमच्याकडे येतात, त्यांतल्या कितीकींना घरात मारहाण झालेली असते. तुमच्या बाबतीत तसं काही आहे का?’ असे विचारले तर नाही म्हणण्याचीही मोकळीक राहते. आज नाही म्हणणारी बाई पुढल्या खेपेस आपण होऊन बोलते, म्हणून नकार हा देखील संवादच मानावा, असे येथे शिकवितात.

सर्वांत अवघड धडा न बोलण्याचा आहे. आपल्याकडे दुःखितास उपदेश करणे हे सौजन्याचे लक्षण समजले जाते: ‘जरा सहन कर, मुलांकडे बघ’ असे म्हणणारी वडीलधारी बाई दयाळू असते, आणि ‘सोडून दे त्याला आजच्या आज’ असे म्हणणारी तरुण डॉक्टरही तितकीच दयाळू असते. दोघींनी मिळून त्या स्त्रीचा निर्णय तिच्या हातून काढून घेतलेला असतो, एवढे मात्र दोघींच्याही ध्यानात येत नाही. जिच्या आयुष्यातील प्रत्येक गोष्ट आजवर दुसऱ्याने ठरविली, तिच्यासाठी आणखी एका परक्याने ठरविणे ही त्याच रोगाची नवी मात्रा होय. म्हणून ‘तू असं काय केलंस की त्यानं हात उचलला?’ हा प्रश्न येथे निषिद्ध आहे आणि परस्पर नवऱ्याला बोलावून समज देण्याचा उत्साहही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या विषयावर जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही ऐकून घेणे, विश्वास ठेवणे आणि सुरक्षिततेचा विचार करणे यांनाच अग्रस्थान दिले आहे. भाभा रुग्णालयात त्यापूर्वी बारा वर्षे हेच चालू होते.

केंद्रातील समुपदेशकांचे शिक्षण अर्थातच याहून खोल असते. घरी परतू इच्छिणाऱ्या बाईशी बसून सुरक्षिततेची आखणी करावयाची: रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे कोठे ठेवावे, कोणत्या शेजारणीला खूण सांगून ठेवावी, मारहाण सुरू झाली तर स्वयंपाकघराकडे न जाता दाराकडे कसे जावे. त्या रात्री घरी जाणेच धोक्याचे असेल तर देखरेखीखाली ठेवण्याच्या निमित्ताने तिला एक-दोन दिवस वॉर्डात दाखल करून घेण्याची सोय आहे. शासकीय नियमांच्या चौकटीत करुणेला एवढी वाट काढून देणारा हा तोडगा ज्या कोणास सुचला त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आणि लेखन. प्रशिक्षणाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘मारहाणीची तक्रार’ एवढाच शेरा न लिहिता कोणी, कशाने, केव्हा मारले हे बाईच्याच शब्दांत, जखमेच्या मापासह लिहावयाचे. कारण हाच कागद पाच वर्षांनी न्यायालयात उभा राहील आणि त्या वेळी लिहिणारा डॉक्टर बदलून गेलेला असेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने वैद्यकीय उपचार देण्याची जबाबदारी रुग्णालयांवर स्पष्टपणे टाकली आणि पुढल्या वर्षीच्या नियमांनी कौटुंबिक घटनेचा अहवाल भरण्याची तरतूदही केली. मुंबईत ‘दिलासा’च्याही आधीचा असाच एक प्रयोग टाटा समाजविज्ञान संस्थेचा होता. १९८४ साली तिने पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडून प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसविले, आणि तो उपक्रम पुढे राज्य शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. दोन्ही प्रयोगांचे मर्म एकच: पीडितेसाठी निराळे मंदिर न बांधता, जेथे तिला जावेच लागते तेथील माणूस शहाणा करणे.

‘दिलासा’ आज महापालिकेच्या इतरही रुग्णालयांत पोहोचले आहे, आणि औरंगाबाद व मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही याच धर्तीवर डॉक्टर-परिचारिकांना शिकविण्याचे काम झाले. तथापि या यंत्रणेचा एक दोष सांगितलाच पाहिजे. महापालिकेत बदल्या होतात, निवासी डॉक्टर तर ठराविक मुदतीनंतर निघूनच जातात, आणि प्रत्येक नव्या तुकडीबरोबर शिक्षण पहिल्यापासून सुरू करावे लागते. समुपदेशकांना कंत्राटावर नेमण्याची प्रथा तर या कामाच्या मुळावरच येणारी आहे. कारण जिच्यावर विश्वास टाकून बाई पुन्हा येते, तीच खुर्चीत नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ होतो. परिचारिका आणि वैद्यकाच्या मूळ अभ्यासक्रमात हा विषय सक्तीने व परीक्षेसह घातल्याखेरीज ही गळती थांबणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिली खाजगी रुग्णालये. बलात्कारपीडितेवर तत्काळ आणि मोफत उपचार करण्याचे बंधन २०१३ पासून सरकारी व खाजगी अशा सर्व रुग्णालयांवर सारखेच आहे, आणि ते मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शहरोशहरी जी धर्मादाय व खाजगी रुग्णालये आहेत, त्यांच्या विश्वस्तांनी नवे यंत्र खरेदी करण्यापूर्वी आपल्या अपघात विभागातील चार परिचारिका आणि दोन डॉक्टर या शिक्षणासाठी पाठवावेत. खर्च अल्प आहे आणि पीडितेवर उपचार करणे हे कायद्याने त्यांचे कर्तव्यच आहे.