पगारातले दोनशे रुपये

मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषा शिकवताना ‘जकात’ हा शब्द आला की थांबावे लागते. मराठीत जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो. मालाची गाडी आली की तिथे पैसे भरायचे. मुंबईतली ही जकात 1 जुलै 2017 रोजी, जीएसटी आला तेव्हा बंद झाली. आपल्या घरात मात्र जकात म्हणजे साहेबे-निसाब माणसाने वर्षाकाठी आपल्या संपत्तीतून काढायचा अडीच टक्के हिस्सा. नाक्यावरची जकात फक्त माल पाहते. घरातली जकात आधी माणसाची ऐपत पाहते. इबादत वेगळी आणि सरकारी कर वेगळा, हे उघड आहे. पण कर समजून घ्यायला हा फरक उपयोगी पडतो.

“आम्ही कुठे कर भरतो? तो तर मोठ्या लोकांचा विषय,” असे बोरीत आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर मजुरी करणारे पालक सहज म्हणून जातात. तसे नाही. साबणाची वडी, पायातली चप्पल, मोबाइलचे रिचार्ज, प्रत्येकात जीएसटी असतो. भाजीपाला, सुटे धान्य यांवर तो नाही, ही चांगली गोष्ट. पण बाकी वस्तूंवर मजूर आणि बंगलेवाला यांना सारखाच कर पडतो. महिन्याला 10,000 रुपये मिळवणाऱ्या घरात सगळा पैसा खर्चात जातो. लाखांत कमावणारा बरीच रक्कम शिल्लक टाकतो आणि त्या शिलकीवर जीएसटी लागत नाही. म्हणून शंभर रुपयांच्या कमाईमागे हा भार गरिबावर जास्त पडतो.

आयकराची रीत उलटी आहे. 2025-26 च्या नव्या पद्धतीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही. पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, त्यापुढे 10 टक्के, असे टप्पे चढत 24 लाखांच्या वरच्या रकमेवर 30 टक्के लागतात. शिवाय 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नाला सूट मिळून कर शून्य होतो. वरच्या टप्प्यात गेले की सगळ्याच कमाईवर जास्त दर बसतो, असा एक गैरसमज आहे. वाढीव दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेवर लागतो. यालाच प्रगतिशील कर म्हणतात: ज्याची ऐपत जास्त, त्याच्या शंभर रुपयांतला वाटाही जास्त.

अशा कराने काय साधते, हे आपल्या मराठवाड्याने पाहिले आहे. 1972 च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला गेली. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मिलो ज्वारी आणि सुकडी त्यांना आठवत असेल. मागेल त्याला काम देण्याची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. तिचा प्रयोग 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झाला होता. दुष्काळ सरल्यावरही रोजगार हमी योजना चालू ठेवायची, तर पैसा हवा होता. त्यासाठी 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातले नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. मोटारगाड्या, बागायती जमीन, शहरांतल्या बिगर-निवासी इमारती यांवरही जादा भार टाकला. या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची, असे ठरले.

या कराचा मोठा वाटा मुंबईतून येई आणि मजुरी पडे दुष्काळी तालुक्यांत. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि काम मागणे हा हक्क बनला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर भत्ता, आणि बाई-पुरुष मजुरी सारखी. घराबाहेर पडून स्वतःच्या हाताने पैसे आणणाऱ्या कितीतरी बायांची सुरुवात याच कामांवर झाली. देशाचा 2005 चा रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

तोच व्यवसाय कर आजही पगाराच्या स्लिपवर दिसतो: महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500 रुपये. 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायांना माफी आहे. पुरुषाला मात्र पगार 10,000 च्या वर गेला की पूर्ण कर लागतो. आता हिशेब करू. महिन्याला 12,000 मिळवणारा दुकानातला कामगार शंभर रुपयांमागे सुमारे 1 रुपया 74 पैसे देतो. महिन्याला अडीच लाख मिळवणारा अधिकारी देतो फक्त 8 पैसे. म्हणजे गरिबासाठी बसवलेला करच आज गरिबाला जड झाला आहे.

हे असे का झाले? राज्यघटनेच्या कलम 276 ने या कराला वर्षाची कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी 250 रुपये होती, 1988 मध्ये 2,500 झाली. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, मर्यादा तिथेच राहिली. ती वाढवायची तर संसदेत घटनादुरुस्ती करावी लागेल. खालची सूट वाढवणे मात्र राज्याच्या हातात आहे. बायांसाठी 2023 मध्ये ती वाढवली, तशी कमी पगाराच्या पुरुषांसाठीही वाढवता येईल.

दरम्यान श्रीमंतांवरचे दोन कर गेले. वारशाच्या मालमत्तेवरचा कर 1985 मध्ये आणि संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. त्यांतून वसुली थोडी आणि कटकट फार, असे कारण दिले गेले. ते खरेही असेल. पण त्यांच्या जागी ऐपत पाहणारा दुसरा कर आला नाही, तर शाळा, दवाखाना आणि मजुरांची कामे यांचा खर्च साबणाच्या वडीवरच जास्त पडत राहतो.

दिवाळीनंतर आपल्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि वर्गातली काही मुले त्यांच्याबरोबर जातात. गावात काम मिळाले तर त्यांतली काही तरी थांबतील. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पगाराची स्लिप आणि दुकानाचे बिल घरातल्या मुला-मुलींना वाचायला द्या आणि कर कुठे आहे ते शोधायला सांगा. आणि ग्रामसभेत कामांची यादी ठरते, तेव्हा घरातल्या बाया-पुरुषांनी हजर राहून विचारा की यंदा आपल्या गावात कोणते काम निघणार आणि किती हातांना मिळणार.