पोटाचे मनाला, मनाचे पोटाला

परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, दुःखद वार्ता ऐकून पोटात कालवते आणि दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदूनही हे वाक्प्रचार आपल्या घरांतून गेलेले नाहीत. त्यांत केवळ भाषेचा अलंकार नसून शरीराचे एक सत्य आहे, ते येथे थोडक्यात पाहू.

चिंता, शोक, भय व क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसास हितकर आणि माफक अन्नदेखील पचत नाही, असे चरकसंहितेने सांगून ठेवले आहे. त्याचा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला पुरावा अमेरिकेत मिळाला. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या कामगाराला चुकून बंदुकीचा बार लागला. जखम भरली, परंतु जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. लष्करी शल्यविशारद विल्यम बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्यातून आत सोडले व पचनक्रिया अनेक वर्षे न्याहाळली. रुग्ण संतापला म्हणजे जठराच्या अस्तराचे रूप पालटते आणि पचन बिघडते, हे त्यांच्या १८३३ सालच्या ग्रंथात नमूद आहे.

परंतु ही वाट एकेरी नाही. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू निरोप नेतात ते खालून वर, मेंदूकडे. आतड्यांत वसणाऱ्या जंतूंचाही यात वाटा असावा. २००४ साली जपानी संशोधकांनी पूर्णतः जंतुविरहित वातावरणात उंदीर वाढविले. कोंडून ठेवताच त्यांच्या शरीरातील ताणाचे स्राव इतर उंदरांपेक्षा अधिक उसळले. लहान वयात जंतू दिल्यास हा अतिरेक काहीसा ओसरे, मोठेपणी दिल्यास मात्र नाही. अर्थात उंदरांवरून माणसाविषयी घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे.

माणसांतील निःसंशय उदाहरण हवे असेल तर ते यकृताच्या जुनाट विकारात सापडते. आतड्यांतील जंतू अन्नातील प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत तो निरुपद्रवी करते. दुबळ्या यकृताला हे साधत नाही आणि ते विष मेंदूपर्यंत पोहोचते. मग रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. साधा मलावरोधही असा झटका आणू शकतो. घरची मंडळी मात्र हट्टीपणा म्हणून बोल लावतात, वेड लागले म्हणून हताश होतात, किंवा बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करतात. वास्तविक पोट साफ करणारे लॅक्ट्यूलोजचे औषध वैद्यकीय देखरेखीखाली वेळेवर मिळाले, तर हाच माणूस पुष्कळदा भानावर येतो. गेलेला वेळ मात्र जिवावर बेतू शकतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचे वागणे एकाएकी पालटले, तर रागावण्यापूर्वी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि शौच, लघवी, झोप व चालू औषधे यांची माहिती न संकोचता सांगावी. मनाने रेचक देऊ नये.

उदासीनतेच्या विकाराबाबत आहाराचाही विचार होत आहे. ऑस्ट्रेलियात ६७ रुग्णांवर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. भाज्या, फळे, कडधान्ये, अखंड धान्य असा आहार १२ आठवडे सांभाळणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्ण विकारमुक्त झाले. ज्यांना केवळ गप्पागोष्टींची सोबत मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. प्रयोग लहान, पण आशादायक आहे. तथापि यातील बहुतेकांचे इतर उपचार चालूच होते, हे ध्यानी असावे. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि वाटीभर ताजे ताक आम्ही आनंदाने सुचवू. परंतु त्यांच्या भरवशावर कोणी मनोविकाराच्या गोळ्या थांबवू नयेत.

आणि जेवताना ताटावर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला बोलणे तेवढे टाळावे. वाढलेले अन्न अंगी लागावे, असे आपल्याला वाटते ना?