घर गार ठेवा, उबदार ठेवा. पण बिल आणि जीव सांभाळून!

एसी १८ वर ठेवला की खोली लवकर गार होते? नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १८ वर असो की २४ वर, तितक्याच जोमाने चालतो. १८ वर तो जास्त वेळ चालतो आणि बिल फुगतं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनुसार तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. त्यामुळे १ जानेवारी २०२० पासून नव्या स्टार रेटिंगच्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंश असतं.

मुळशीतल्या कोळवणसारख्या डोंगरांमधल्या गावात उन्हाळ्यात दुपारी पडदे लावा, पहाटे खिडक्या उघडा. पावसाळ्यानंतर एसीची जाळी धुऊन पूर्ण वाळवा. थंडीत मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो.