रक्तपेढीच्या खिडकीमागील तरुण

रक्तदात्याचा सत्कार आपल्याकडे होतो, आणि तो योग्यच आहे. शिबिर भरले की देवळाच्या आवारात मंडप पडतो, दात्यांना प्रमाणपत्र मिळते, चहा-बिस्किटे होतात. परंतु पिशव्या थंड पेटीत घालून गाडी निघून गेली म्हणजे पुढे त्यांचे काय होते, हे विचारणारे थोडेच. ते सारे काम रक्तपेढीच्या लहानशा खिडकीमागे चालते, आणि ते करणारे बहुधा पंचविशी-तिशीतील तरुण डॉक्टर व तंत्रज्ञ असतात. ह्या शाखेकडे वळणारे तरुण थोडे व वळून टिकणारे त्याहून थोडे, असे त्या क्षेत्रातील वडीलधारी मंडळी आम्हांस खेदाने सांगतात. म्हणून त्यांच्याविषयी आज चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम त्यांचे काम पाहू. दान केलेल्या प्रत्येक पिशवीतील रक्ताची एच. आय. व्ही., दोन प्रकारची कावीळ, उपदंश व हिवताप ह्यांसाठी तपासणी होते. मग यंत्रात फिरवून रक्ताचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी दोन ते सहा अंश उष्णतामानात पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट्सचे तसे नाही. त्या वीस ते चोवीस अंशांत, सतत हलविणाऱ्या यंत्रावर ठेवाव्या लागतात, आणि पाचच दिवस राहतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. एवढे झाल्यावर खरे जोखमीचे काम येते, ते म्हणजे ही पिशवी ह्याच रोग्याला चालेल काय, हे ठरविणे.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी शहरातील एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. तिने सांगितलेली एक हकीकत येथे देतो. एका रात्री प्रसूतीच्या विभागातून रक्ताची तातडीची मागणी आली. नमुन्याच्या नळीवरील व कागदावरील नाव अगदी एक होते. परंतु नोंदणी क्रमांकातील शेवटचे दोन आकडे जुळेनात. तिने नमुना परत पाठविला व नवा मागविला. रोग्याचे नातेवाईक खिडकीशी येऊन नाही नाही ते बोलले. ‘रक्त असून देत नाहीत, आमच्या बाईचे बरेवाईट झाले तर कोण जबाबदार?’ ती मान खाली घालून उभी राहिली, पण पिशवी दिली नाही. नवा नमुना आला. पहिल्या नळीतील रक्त ‘बी’ गटाचे होते, ह्या नळीतील ‘ओ’ गटाचे निघाले. त्या विभागात एकाच नावाच्या व एकाच आडनावाच्या दोन स्त्रिया होत्या. (आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मारिया किती आहेत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही.) ‘ओ’ गटाच्या शरीरात ‘बी’ गटाचे रक्त गेले तर तांबड्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात व प्राणावरही बेतते. ती माता वाचली. आपण कशातून वाचलो हे तिला ठाऊक नाही.

पुढे ती मुलगी म्हणाली, ‘फादर, त्या महिन्यात मी नोकरी सोडणार होते. खाजगी प्रयोगशाळेत दिवसपाळी मिळत होती, पगारही जास्त. पण दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टर बाईंनी मला वॉर्डात नेले आणि ती बाई व तिचे बाळ दाखविले. मग इस्पितळाच्या बैठकीत त्या रात्रीचा अहवाल मलाच वाचायला लावला.’ ती अजून तेथेच आहे.

आमच्या मते तरुणांना ह्या शास्त्रात कसे गुंतवावे, ह्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या डॉक्टर बाईंच्या वागण्यात आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याला रोगी हात जोडतो. रक्त जुळविणाऱ्याचे तोंडही तो पाहत नाही. एम. बी. बी. एस.नंतर तीन वर्षे घालवून ह्या विषयाची एम. डी. पदवी घेतलेल्या तरुणाला लग्नाच्या बैठकीत ‘म्हणजे रक्त काढणारा डॉक्टर का?’ असे विचारतात. केवळ पगारवाढीने हे दुःख जात नाही. आपले रक्त कोणापर्यंत पोहोचले हे तरुणाला दाखविले पाहिजे, आणि त्याच्या हाती खरे काम दिले पाहिजे.

ह्या शास्त्राचा इतिहासच तसा आहे. १९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर ह्यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली नव्हती. (यहुदी घराण्यात जन्मलेल्या ह्या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये कॅथोलिक धर्म स्वीकारला होता, हे आपल्या वाचकांना सांगण्यास आनंद वाटतो.) त्यांना तीनच गट सापडले होते. चौथा, ‘एबी’ हा गट, पुढच्याच वर्षी डेकास्टेलो व स्टुर्ली ह्या त्यांच्या शिष्यांनी दाखवून दिला. १९४५ मध्ये केंब्रिज येथे रॉबिन कूम्ब्स ह्यांनी मोरांट व रेस ह्यांच्यासह जी चाचणी शोधली, तिच्यामुळे तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिद्रव्ये ओळखता येऊ लागली. कूम्ब्स मूळचे पशुवैद्य, आणि वय अवघे चोवीस! आर-एच दोषाने जन्मणाऱ्या बाळांची परीक्षा आजही ह्याच चाचणीने होते.

आपल्या भागाचाही ह्या शास्त्राशी जवळचा संबंध आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी एक विलक्षण रक्तगट जगापुढे मांडला. तो ‘बॉम्बे’ गट म्हणूनच ओळखला जातो. साध्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्याला ‘ओ’ रक्त चालत नाही. फक्त त्याच गटाचे चालते. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाला असतो. आई व बाप दोघांकडून तो गुण आला तरच प्रकट होतो, म्हणून जवळच्या नात्यातील लग्नांत त्याचा संभव वाढतो. मामेभावंडांच्या विवाहासाठी महागुरुस्वामींची परवानगी मागावयास येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. हा गट ओळखण्यासाठी पेशी व रक्तद्रव दोन्ही तपासावी लागतात. कंटाळलेल्या माणसाच्या हातून तो निसटतो.

कायद्याने आपल्या देशात बरेच साधले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. २०१२ साली रक्त दिल्यानंतर होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजनाही सुरू झाली. परंतु ती नोंद करतो कोण? रात्रपाळीचा तरुणच. चूक कळविली की शिक्षा होते असे त्याने एकदा पाहिले, तर पुढची चूक कागदावर येणार नाही. वरिष्ठांनी हे विशेष जपावे.

आपल्या कुटुंबांनाही करण्याजोगे आहे. खिडकीशी वेळ लागला तर आवाज चढवू नये. नमुना पुन्हा मागितला तर तो आपल्याच माणसासाठी मागितला आहे, असे समजावे. येत्या शिबिरात प्रमुख पाहुण्याचे भाषण आम्ही आखडते घेणार आहोत. तो वेळ रक्तपेढीच्या तरुण डॉक्टरांना देऊ. लोकांनी त्यांना मनातल्या शंका विचाराव्यात. दुपारचे जेवण त्यांनी गाडीत बसून डब्यातले खाऊ नये, एखाद्या घरी पानावर बसून घ्यावे, अशीही इच्छा आहे. कोणते कुटुंब ते करील, हे आम्हांस आधी कळवावे.

ज्यांची मुले-मुली जीवशास्त्र घेऊन बारावीला आहेत, त्यांपैकी कोणास ह्या कामाची माहिती हवी असल्यास रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मठीत भेटावे. वर सांगितलेली मुलगी महिन्यातून एकदा घरी येते. तिच्याशी गाठ घालून देऊ. रात्रपाळीचे कष्टही ती काही न लपविता सांगेल.