सुईला हात लावण्याआधी

रिमोटवर चालणारी नायट्रो कार सुरू होते, जागेवर छान धडधडते आणि थ्रॉटल दाबल्याबरोबर घुसमटून बंद पडते. या छंदात पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला ही तक्रार येते आणि पहिला हात जातो तो स्क्रूड्रायव्हरकडे. कार्ब्युरेटरमधली इंधन कमी-जास्त करणारी मोठी सुई थोडी आत, मग थोडी बाहेर, मग छोटी सुई, मग आयडलचा स्क्रू. थोड्याच वेळात तिन्ही जागचे हललेले असतात आणि मुळात सेटिंग काय होते हे कोणालाच सांगता येत नाही. एका बिघाडाचे तीन होतात ते असे. माझे म्हणणे एवढेच आहे की सुई ही तपासाची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. यामागे नुसती शिस्त नाही, या इंजिनाची घडणच तशी आहे.

एक-अष्टमांश मापाच्या बग्गीत साधारण ३.५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते. त्यात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो, असतो तो ग्लो प्लग. त्याच्या पोटात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची केसाएवढी बारीक वेटोळी असते. सुरू करताना ती सुमारे दीड व्होल्टच्या सेलवर लाल करायची. इंजिन चालू झाले की सेल काढून घेतात, तरी तार तापलेलीच राहते, कारण मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया करून उष्णता देते आणि प्रत्येक ज्वलन तिला पुन्हा तापवते. १९४०च्या दशकात अमेरिकेत रे आर्डेन यांनी ही युक्ती बाजारात आणली आणि छोट्या इंजिनांचे जगच बदलले. इंधनात मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल एकत्र असते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहाच्या आसपास आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणून हे चिमुकले इंजिन भरमसाट इंधन पिते. त्याला वंगणही त्या इंधनातूनच मिळते, वेगळी ऑइलची टाकी नाही. इंधन कमी पडले की तेलही कमी पडते आणि उष्णता वाढते. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, असेल तर गाडी मरगळल्यासारखी चालते, धूर सोडते, प्लग भिजवते. मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, झाले तर पिस्टन आणि स्लीव्ह खरवडून निघतात. दोन्हीकडच्या चुकांची किंमत सारखी नाही, आणि अंदाजाने सुई फिरवणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

खरी अडचण अशी की उलट कारणांची लक्षणे सारखीच दिसतात. थ्रॉटल दिल्यावर इंजिन घुसमटणे हे रिचचेही लक्षण आहे आणि लीनचेही. जरा लक्ष दिले तर फरक कळतो. रिच असेल तर दाट धूर येतो, इंजिन अडखळत का होईना वर चढते आणि एक्झॉस्टमधून तेलकट थेंब गळतात. लीन असेल तर धूर जवळपास दिसत नाही आणि आवाज एकदम तुटतो. पण एवढ्याने भागत नाही, कारण लीन झाले म्हणजे सुई चुकली असे नसते. समजा कार्ब्युरेटरच्या बुडाशी किंवा मागच्या झाकणाशी फट पडून हवा आत शिरते आहे. जागेवर चालताना कार्ब्युरेटरचे तोंड जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी उघडे असते. त्यामुळे त्या वेळी फटीतून येणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा असते आणि आयडल लीन होते. फुल थ्रॉटलला तोंड पूर्ण उघडते आणि तीच फट नगण्य ठरते. आता छोटी सुई उघडून आयडल सुधारले, तर इंजिन तापल्यावर फटीचे माप बदलते आणि सुधारलेले पुन्हा बिघडते. फटीतून येणारी हवा कोणत्याही सुईच्या ताब्यात नाही. सकाळी लागलेले सेटिंग दुपारी टिकत नाही, थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन काही क्षण वरच्या आवाजातच रेंगाळते, अशा तक्रारी असतील तर आधी फट शोधावी. बहुतेकदा ती डोळ्यांना दिसते: कार्ब्युरेटरच्या मानेशी किंवा मागच्या झाकणाच्या सांध्यावर तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ.

टाकीचेही तसेच. या गाड्यांत इंधनपंप नसतो. एक्झॉस्टमधून एक नळी टाकीकडे जाते आणि तिच्या दाबाने इंधन कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. झाकणाची रबरी रिंग कडक झाली किंवा तिच्यात मातीचा कण अडकला की तो दाब निसटतो. टाकी भरलेली असताना गाडी उत्तम पळते, अर्धी रिकामी झाली की लीन होते. हा नमुना दिसला की सुईला हात न लावता टाकी काढावी, एक नळी बंद करून दुसरीतून छोट्या पंपाने हवा भरावी आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवावी. बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसेल. तोंडाने फुंकू नये, मेथॅनॉल विषारी आहे. त्याची ज्योतही भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून इंधन भरताना इंजिन बंदच हवे.

त्यामुळे तपासाचा क्रम मी असा धरतो. आधी प्लग. भिंगाखाली वेटोळी चकचकीत, ओली आणि आकारात दिसली तर तार ठीक आहे. करडी, खडबडीत किंवा एका बाजूला दबलेली दिसली तर प्लग बदलावा आणि इंजिन लीन किंवा फार गरम चालले होते का याचा संशय धरावा. प्लग लाल होतो म्हणून तो चांगलाच असे समजू नये. सेलवर लाल होणारा प्लग सेल काढल्यावर तग धरेलच असे नाही. मग इंधन. मेथॅनॉल हवेतली ओल शोषून घेते. कोकणात पावसाळाभर अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये राहिलेल्या इंधनाशी झगडण्यात अर्थ नाही, नवा सीलबंद कॅन उघडून पाहावा. मग इंधनाची नळी, फिल्टर, टाकी, इंजिनाचे सांधे. त्यानंतर क्लच. त्याची स्प्रिंग तुटली किंवा बेअरिंग झिजले तर गाडी आयडलवरच पुढे सरकू लागते आणि ब्रेक लावला की इंजिन मरते. अशा वेळी आयडल वाढवत बसणे म्हणजे दुखणे पोटाला आणि औषध डोक्याला. शेवटी इंजिनाची पकड. या इंजिनांत बहुधा पिस्टनला रिंग नसते, स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. थंड असताना फ्लायव्हील हाताने फिरवले तर वरच्या टोकाला ते अडायला हवे. ते अलगद फिरत असेल आणि गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देत असेल, तर इंजिन झिजले आहे आणि जगातली कोणतीही सुई ते बरे करणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की शर्यतीतले अनुभवी लोक तर दर फेरीला सुई हलवताना दिसतात. खरे आहे. पण त्यांचा प्लग नवा असतो, सांधे सील केलेले असतात, इंधन ताजे असते. बाकी सगळे ठीक असल्याची खात्री असल्यामुळे त्यांच्यापुढे उरते फक्त हवामान, आणि ते मात्र सुईचेच काम आहे. थंड, कोरडी हवा दाट असते, तिला जास्त इंधन लागते. उष्ण, दमट किंवा उंचावरची हवा विरळ असते, तिला कमी. समुद्रसपाटीवर लावलेली गाडी सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात नेली तर हवेचा दाब अंदाजे १५ टक्क्यांनी कमी मिळतो आणि तीच गाडी तिथे रिच चालते. दुसरा आक्षेप तापमापक बंदुकीचा: आकडा समोर दिसत असताना एवढा शोध कशाला? साधारण १०० ते १२५ अंश सेल्सिअस ही पट्टी उपयोगी आहे, पण बंदूक प्लगवर धरली की हेडच्या पाकळ्यांवर, यावर आकडा बदलतो. वारा आणि वरचे कवचही तो बदलतात. झिजलेले इंजिन तर थंड असूनही वाईट चालते. आकडा पुरावा आहे, निकाल नव्हे. थ्रॉटलला मिळणारा प्रतिसाद आणि मागे उरणारी निळसर धुराची बारीक रेघ यांच्या जोडीनेच तो वाचावा.

एवढे झाल्यावर सुई. आधी कंपनीने दिलेल्या मूळ सेटिंगवर परत जावे, इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि रिच बाजूने सुरुवात करावी. मोठी सुई आधी, छोटी नंतर, आयडलचा स्क्रू शेवटी, कारण प्रत्येक आधीची गोष्ट पुढचीवर परिणाम करते. एका वेळी एक-अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त नको आणि प्रत्येक बदलानंतर गाडी एक-दोन फेऱ्या पळवून मगच पुढचा. छोटी सुई तपासण्यासाठी आयडलवर कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत धरावी: इंजिन किंचित वर चढून दोन-चार सेकंदांत बंद पडले तर बरोबर, लगेच मेले तर लीन, बराच वेळ चढत राहिले तर रिच. सेटिंग जुळले की सुया किती फेरे उघड्या आहेत ते वहीत लिहावे, सोबत तारीख, हवामान आणि इंधनातले नायट्रोचे प्रमाणही. दिवस संपताना टाकी रिकामी करून इंजिन उरलेले इंधन संपेपर्यंत चालवावे आणि प्लगच्या व कार्ब्युरेटरच्या तोंडातून आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब सोडून फ्लायव्हील फिरवावे, नाहीतर आत राहिलेल्या मेथॅनॉलमुळे रातोरात बेअरिंगवर गंज धरतो आणि पुढच्या खेपेला शोधायला एक नवे कारण तयार असते.