गोबर गॅस अचानक बंद पडला तर?



धानाची मळणी आटोपते, बांधीत लाखोळी फुलावर येते आणि वैनगंगेच्या काठाला पहाटेचं धुकं धरू लागते. नेमक्या याच दिवसांत घराघरांतून एक तक्रार निघते. "शेण तेवढंच टाकतो, जनावरं तेवढीच, मग चूल पेटत काहून नाही?" घरधनी म्हणतो शेण खराब, शेजारी म्हणतो टाकी फुटली. स्वयंपाकघरातली माउली मात्र काहीच म्हणत नाही. ती मुकाट्याने काड्या गोळा करून मातीची चूल पेटवते आणि पुन्हा धुरात बसते.

बंद पडलेल्या दहा गोबर गॅसपैकी बहुतेकांत टाकीला काहीही झालेले नसते. दोष बाहेर, नळीत किंवा चुलीत असतो आणि तो घरच्या घरी निघतो. पण तो शोधताना माणसे दोन चुका करतात. एक म्हणजे काडी ओढून गॅस कुठून निघतो ते पाहणे, आणि दुसरी म्हणजे टाकीत किंवा मळीच्या खड्ड्यात उतरणे. या दोन चुका जिवावर बेततात. म्हणून दुरुस्तीबरोबर त्यांच्याविषयीही येथे सविस्तर सांगितले आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. गोबर गॅसची टाकी म्हणजे गाईचे दुसरे पोटच समजा. गाईच्या पोटातले सूक्ष्म जिवाणू चारा पचवतात, तसेच जिवाणू या बंद टाकीत हवेवाचून शेण पचवतात आणि गॅस सोडतात. त्यात साधारण निम्म्याहून थोडा जास्त भाग मिथेन असतो. जळतो तो हाच. बाकीचा बहुतेक न जळणारा कर्ब वायू असतो आणि अगदी थोडा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. आपल्या राज्यात ही विद्या जुनीच आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 साली मैल्यापासून असा गॅस काढला होता. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने लोखंडी ड्रम वरखाली होणारा नमुना खेड्यापाड्यांत नेला आणि 1984 साली जमिनीत गाडलेल्या विटांच्या घुमटाचा "दीनबंधू" नमुना निघाला. आपल्याकडे हेच दोन प्रकार दिसतात. आतली क्रिया मात्र दोन्हींत सारखीच.

आता कारण कसे शोधावे ते पाहू. पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा. गॅस हळूहळू कमी झाला, की काल होता आणि आज एकदम गेला? अर्धे उत्तर यातच आहे.

हळूहळू कमी झाला असेल तर बहुधा थंडीचे काम. टाकीतल्या जिवाणूंना 30 ते 35 अंश सेल्सिअसची ऊब मानवते. 20 अंशांच्या खाली ते सुस्तावतात आणि 10 अंशांच्या आसपास त्यांचे काम जवळजवळ थांबते. पौषात आपल्या जिल्ह्यात काही रात्री पारा 10 च्याही खाली उतरतो. टाकी जमिनीत असल्यामुळे आतला काला तितका गार पडत नाही, म्हणून गॅस साफ बंद न होता कमी होतो. दोन वेळचा स्वयंपाक व्हायचा तिथे एकच वेळ निभते. याला बिघाड म्हणू नये.

पण काल निळी ज्योत होती आणि आज काहीच नाही, असे झाले तर थंडीला दोष देऊ नका. एका रात्रीत टाकी गार पडत नाही. तिथे नळीत पाणी अडले असेल, गळती असेल किंवा कुठली तरी चावी बंद राहिली असेल. हसू नका, कोठा झाडताना मुख्य चावीला धक्का लागून ती फिरते आणि घरचे दिवसभर टाकीला नावे ठेवत बसतात.

तपासणी चुलीपासून टाकीकडे करत जावी, टाकीपासून चुलीकडे नव्हे. आधी चुलीची चावी बंद करा आणि दारे-खिडक्या उघडा. घरात सडक्या अंड्यासारखा वास असेल तर काडी ओढू नका, विडी पेटवू नका, विजेचे बटन चालूही करू नका आणि बंदही करू नका. बटनाची ठिणगीसुद्धा पुरते. हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा 5 ते 15 च्या दरम्यान असले की ठिणगीने भडका होतो. अंगणात जाऊन मुख्य चावी बंद करा आणि वास पूर्ण जाईपर्यंत घराबाहेर थांबा.

वास नसेल तर चुलीचे तोंड पाहा. दूध-भात उतू जाऊन बर्नरची भोके बुजतात. गार झालेला बर्नर काढून ती सुईने किंवा बारीक तारेने मोकळी करावी. ज्योत पिवळी आणि भांडे काळे करणारी असेल तर चुलीला हवा कमी पडते, बाजूची हवेची पट्टी थोडी उघडा. ज्योत बर्नरवरून उडून विझत असेल तर हवा जास्त आहे, पट्टी थोडी मिटा. शिवाय सिलिंडरची शेगडी गोबर गॅसवर नीट चालत नाही. गोबर गॅसचा दाब आणि उष्णता कमी, म्हणून त्याच्या चुलीचे गॅस सोडणारे भोक मोठे असते. हेच उलटे केले, म्हणजे गोबर गॅसची चूल सिलिंडरला जोडली, तर त्या मोठ्या भोकातून प्रमाणाबाहेर गॅस सुटेल आणि मोठा अपघात होईल. हा उद्योग कोणी करू नये.

चूल ठीक असेल तर नळीकडे वळा. हिवाळ्यातली सर्वांत जास्त बिघाडाची जागा हीच. टाकीतून निघणारा गॅस ओला असतो. गार नळीत त्याची वाफ पाणी होऊन सखल जागी साचते आणि वाट अडवते. आधी ज्योत धडधड करत नाचते, मग विझते. ज्योत नाचू लागली की समजावे, नळीत पाणी भरत आहे. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवलेली असते. आसपास विस्तव नाही, कोणी विडी ओढत नाही हे पाहून ती उघडा, पाणी निघून जाऊ द्या आणि फुसफुस आवाज येताच बंद करा. थंडीत आठवड्यातून एकदा तरी हे काम करावे. तोटीच नसेल किंवा नळी मध्येच लोंबत असेल, तर मिस्त्रीकडून उतार दुरुस्त करून घ्या. रबरी नळी उंदराने कुरतडली किंवा तिला चिरा पडल्या, तर पट्टी गुंडाळत बसू नका, नवी घाला.

गळतीचा संशय असेल तर साबणाचे दाट पाणी करा आणि फडक्याने प्रत्येक सांध्यावर, चावीवर, टाकीतून नळी निघते त्या जागी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. आगकाडीने गळती शोधणारे हुशार लोक प्रत्येक गावात भेटतात. ज्योत सापडते खरी, पण कधी नळीच्या टोकाला, तर कधी नळीच्या आत. टाकीत हवा शिरलेली असली तर आग मागे टाकीपर्यंत जाऊ शकते.

नळीही ठीक निघाली तरच टाकीकडे या. रात्री मुख्य चावी बंद करून झोपा. सकाळी ड्रम वर उचललेला दिसला, किंवा घुमटाच्या टाकीत मळीच्या हौदातली पातळी वर चढलेली दिसली, तर गॅस तयार होत आहे. पातळी जिथल्या तिथे असेल तर गॅस बनत नाही किंवा घुमटातून निसटत आहे.

गॅस न बनण्याची आपल्या धानाच्या मुलखातली दोन कारणे सांगतो. पहिले, तणीस. कोठ्यातल्या शेणात जनावरांच्या पायाखालची तणीस मिसळते. ती टाकीत पचत नाही, वर तरंगते आणि तिची जाड साय धरते. मग खालचा गॅस वर येत नाही. म्हणून काला करताना तणीस, काड्या आणि खडे हाताने वेचून काढावेत. एक घमेले शेण, एक घमेले पाणी, गुठळ्या फोडून सारखा काला. ड्रमची टाकी असेल तर ड्रम रोज थोडा फिरवावा. घुमटाची असेल तर लांब बांबू भरणकुंडीच्या नळातून वरखाली करावा, साय मोडते. दुसरे कारण फिनाईल आणि फवारणीची औषधे. कोठा फिनाईलने धुतला किंवा तुडतुड्यावर फवारलेला पंप तिथेच खंगाळला आणि ते पाणी कुंडीत गेले, तर आतले जिवाणू मरतात. जनावराला जंतुनाशक इंजेक्शने चालू असतील तेवढे दिवस त्याचे शेणही बाजूला टाकावे.

टाकी आंबली असेल, म्हणजे मळीला आंबूस वास येतो आणि गॅस निघूनही पेटत नाही, तर शेण वाढवू नका. अजीर्ण झालेल्या माणसाला कोणी जबरदस्तीने जेवू घालत नाही. भरण आठ-दहा दिवस बंद ठेवा आणि रोज बांबूने ढवळा. शेजाऱ्याची टाकी चांगली चालत असेल तर तिच्या मळीच्या दोन-चार बादल्या मागून आणा आणि कुंडीतून आत सोडा. दुधाला विरजण लावतो तसेच हे. मग नेहमीच्या पाव हिश्शाने शेण सुरू करून हळूहळू वाढवत न्यावे. 2 घनमीटरच्या टाकीला पूर्ण भरणीत रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. बैल विकून टाकले, जनावरे दोनच उरली आणि टाकी मोठी असेल तर गॅस कमीच येणार, त्याला कोणतीही दुरुस्ती नाही.

थंडीपुरते उपाय सोपे आहेत. काला सकाळी न करता दुपारी करावा. पाण्याचे पिंप उन्हात ठेवून कोमट झालेले पाणी वापरावे. शेण ताजे असावे. घुमटाच्या वरच्या जमिनीवर हातभर तणसाचा थर द्यावा. मळीच्या हौदावर झाकण असावे, मूल-जनावर पडू नये म्हणून ते एरवीही हवेच.

गॅस बंद असलेल्या दिवसांत रात्रीच्या ऊबेसाठी कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून झोपण्याची चूक कोणी करू नका. पेटत्या कोळशाचा बिनवासाचा वायू झोपेतच माणूस घेऊन जातो.

आता टाकीत उतरण्याविषयी. 2024 च्या एप्रिल महिन्यात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी गावी एक मांजर शेणमळी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडले. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच माणसे गेली. सहावा तेवढा वाचला, त्याच्या कमरेला दोर होता. त्यांच्यात भित्रा कोणीच नव्हता. प्रत्येक जण आधीच्याला वाचवायलाच गेला.

तिथे घडते काय, तर मळीच्या खड्ड्यात प्राणवायू राहत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तळाशी साचतो. तो जास्त असला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते हवा चांगली आहे. दोन श्वासांत शुद्ध जाते. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत इथे मुळीच चालत नाही. मिथेन कंदिलाने भडकेल, आणि कंदील जळत राहिला तरी विषारी वायू नाही असे होत नाही. टाकी रिकामी करायची झाली तर बाहेरूनच, पंपाने किंवा बादलीने. आत उतरण्याचे काम जाणकारांचे, हवा सोडणाऱ्या पंख्यासह, कमरेला दोर बांधून आणि वर दोन धट्टी माणसे उभी करून. आत कोणी पडलाच तर मागोमाग उडी घेऊ नका. वरून दोर टाका, हवा आत ढकला, माणसे बोलवा, 112 ला फोन करा. बघत राहणे जिवावर येते, पण दुसरा उतरला तर एकाच्या जागी दोन जातात.

दुरुस्ती झाल्यावर गॅस पुन्हा सुरू करण्याचीही रीत आहे. टाकी उघडली असेल, रिकामी केली असेल किंवा नवी भरली असेल, तर पहिल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो पेटवू नये, विस्तवापासून दूर मोकळ्या जागेत एक-दोन वेळा सोडून द्यावा. त्यानंतर खिडक्या उघड्या ठेवून, चुलीची चावी बंद असताना मुख्य चावी हळू उघडा. मिनिटभर थांबा, वास येत नाही ना पाहा. मग आधी पेटती काडी बर्नरजवळ धरा आणि त्यानंतर चुलीची चावी फिरवा. आधी काडी, मग चावी, हे घरातल्या पोरासोरांनाही शिकवा. रात्री झोपताना दोन्ही चाव्या बंद.

इतके करूनही पातळी चढत नसेल तर घुमटाला चीर असण्याचा संभव आहे. ते काम गोबर गॅस बांधणाऱ्या प्रशिक्षित मिस्त्रीचेच. त्याचा पत्ता आपल्या पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारावा. तिकडे जाताना टाकी कोणत्या नमुन्याची, किती घनमीटरची, कोणत्या साली बांधली आणि गॅस हळू गेला की एकदम, एवढे कागदावर लिहून न्यावे.