तालीम कशी मोजायची?

‘शारीरिक साक्षरता’ हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा मला तो अगदी सरकारी वाटला. शरीराला कसली आली अक्षरं? पण कल्पना साधी आहे. ब्रिटनमधल्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९३ मध्ये ती मांडली. हालचालीची हौस, आत्मविश्वास, कौशल्य आणि समज या बळावर जो जन्मभर हिंडता-फिरता राहतो, तो शारीरिकदृष्ट्या साक्षर. आमच्या घरात उर्दूतली ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. दाराबाहेर मराठीत तालीम म्हणजे लाल माती अन् जोर-बैठका. हे दोन्ही अर्थ एकत्र केले, की व्हाइटहेडबाईंचं म्हणणं कळतं.

याची गरज काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांची हालचाल पुरेशी नव्हती. मुली तर ८५ टक्के.

शंभर मीटरचे सेकंद घड्याळ सांगतं, हौस कोण सांगणार? ती मुलांनाच विचारावी लागते. हाँगकाँगमध्ये २०१६ साली शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी नऊ विधानांची प्रश्नावली तयार झाली. २०१८ मध्ये ती तिथल्या किशोरवयीन विद्यार्थ्यांवर पडताळली गेली. विधान किती पटतं, ते पाचांपैकी एका घरात खूण करून सांगायचं. एका तासात अख्खा वर्ग उरकतो. मग तिचे तुर्की, स्पॅनिश असे अनुवाद झाले.

कवितेचा अनुवाद फसला तर कविता जाते. इथे मुलाच्या नावापुढे चुकीचा आकडा बसतो. त्या नऊंपैकी एक विधान रानावनात तगून राहण्याच्या आत्मविश्वासाचं आहे. ते मराठीत आणलं, तर मुंबईच्या मुलाला सुट्टीतलं शिबिर आठवेल. मेळघाटातला मुलगा म्हणेल, यात विचारायचं काय? दुसरं विधान ‘स्पोर्ट्स’च्या आवडीचं. आपण ‘खेळ’ म्हणणार, आणि खेळात पत्तेही आले! उलट रोज पाच किलोमीटर सायकल मारून शाळेत येणारी, विहिरीचं पाणी शेंदणारी मुलगी ‘मी कुठं खेळते?’ म्हणून सगळ्यांत खालचं घर धरेल.

म्हणून अशा अनुवादाला शिस्त असते. दोघं वेगवेगळा अनुवाद करतात, त्यांतून एक ठरतो. मग मूळ न पाहिलेला तिसरा माणूस तो उलट इंग्रजीत नेतो आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघतात. यातही गोम आहे. हुशार अनुवादक मूळ काय असेल ते ताडतो आणि नकळत चूक झाकतो. मला भरवशाची वाटते ती पुढची पायरी : थोड्या मुलांना समोर बसवून ‘यातून तुला काय कळलं?’ एवढंच विचारायचं. त्यानंतर आकडेशास्त्र. नऊ उत्तरांचे मुळासारखेच तीन गट पडतात का? दोन आठवड्यांनी तीच मुलं साधारण तीच उत्तरं देतात का? हे न पाहता दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी मांडणं म्हणजे शेर आणि लिटर यांची बेरीज.

मराठी करताना मी ‘खेळ’ या शब्दाखाली ‘सायकल, पोहणं, नाचणंही यात धरा’ अशी ओळ घालीन. तज्ज्ञ म्हणतील, ही मुळात नव्हती. तो वाद जरूर व्हावा, पण मुलांच्या हाती कागद जाण्याआधी.